वरच्या वाडीपर्यंत

माझ्याकडे निळ्या पुठ्ठ्याची एक वही असते. फोन किती वाजता आला, कुठल्या वाडीतून आला, जनावर कोणतं, मी किती वाजता पोहोचले, पुढं काय झालं, एवढं तिच्यात लिहायचं. कॉलेजातून बाहेर पडल्यापासूनची सवय आहे. २०२१च्या दिवाळीत मागची तीन वर्षं चाळत बसले होते. वरच्या वाड्यांच्या नावापुढं, पोहोचल्याच्या रकान्यात, ‘गेले नाही’ असं माझ्याच अक्षरात लिहिलेलं सापडायला लागलं. पावसाळ्याच्या पानांवर तर ओळीनं. ती वही मिटून ठेवली, पण डोक्यातून गेली नाही.

मी भोरला जनावरांची डॉक्टर आहे, खाजगी. माझा पट्टा हिरडस मावळाचा. भोर सोडलं की नीरा देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं हिर्डोशी, शिरगाव आणि तिथून वरंध घाटाच्या तोंडापर्यंत. डांबरी रस्त्यावरच्या गावांचं अडत नाही. अडतं ते डोंगराच्या सोंडांवर बसलेल्या धनगरवाड्यांचं. तिथं जायला कधीकाळी बुलडोझरनं फाडलेली वाट असते. पहिल्याच पावसात मधली माती वाहून जाते, चाकोऱ्या गुडघाभर खोल होतात आणि दगड उघडे पडतात.

तेव्हा माझ्याकडे छोटी हॅचबॅक होती. अकरा वर्षांत डांबरी रस्त्यावर तिनं मला एकदाही सोडलं नाही. बॅटऱ्या, टायर, एकदा क्लच प्लेट, एवढाच तिचा खर्च. पण जमिनीपासून तिचं पोट जेमतेम सोळा सेंटिमीटर वर. दगड लागून दोनदा तिचा चेंबर फुटला, सगळं ऑइल वाटेवर सांडलं आणि ट्रॅक्टरनं टोचन करून खाली आणावी लागली. त्यानंतर मी फोनवरच विचारायला लागले, ‘जनावर खाली रस्त्याला आणता येईल का?’ पोटफुगीची शेळी खांद्यावर घालून आणतात माणसं. अडलेली म्हैस कशी आणणार?

म्हणून फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणारी गाडी. नव्या गाडीचे पैसे नव्हते, आणि खरं सांगायचं तर मला जुनी जीपच हवी होती. अण्णा, माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. भोर डेपोला असताना भोर-महाड गाडी वरंध घाटातून त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. लहानपणी घाटात समोरून उघडी जीप आली, की मी खिडकीतून ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहायचे. ती इच्छा तीस वर्षं मनात होती. ती लपवून ‘कामासाठी गाडी हवी’ असं घरात सांगायचं मला जमलं नाही. दोन्ही कारणं सांगितली. अण्णा म्हणाले, ‘बघू. मी येतो बघायला.’

डिसेंबरात वाईजवळ एक जीप सापडली. तीस वर्षं जुनी, डिझेल, दोन्ही बाजूंना पाट्यांच्या स्प्रिंगा. अण्णांनी ती ज्या रीतीनं बघितली ती जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकानं शिकून घ्यावी. मालकाला त्यांनी आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं होतं, गाडी धुऊ नका आणि आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. गेल्या गेल्या बॉनेटला हात लावून इंजिन थंड आहे ना ते पाहिलं. मग जिथं रात्रभर उभी होती तिथून ती ढकलून पुढं घेतली आणि खालची जमीन बघितली. एक डाग गिअरबॉक्सच्या खाली, एक मागच्या अॅक्सलच्या हाऊसिंगच्या खाली. पोतं टाकून ते गाडीखाली शिरले आणि चॅसीवर पान्यानं टकटक करत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. आवाज जिथं बसका आला तिथं खडूनं खूण केली. गंज होता, पण भोक नव्हतं. शेवटी ओल्या शेतात नेऊन फोर व्हील टाकायला लावलं आणि पुढची चाकं खरंच माती उडवतात का ते बाजूला उभं राहून पाहिलं. आरसीची मुदत, पासिंग, ग्रीन टॅक्सची पावती हे सगळं त्यानंतर. मी तोवर नुसतीच स्टिअरिंग धरून बसले होते आणि मनातून ती घेऊनही टाकली होती.

त्या जीपनं मला काय दिलं ते नीट सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्या विचाराला तेच आडवं येत राहिलं.

पहिल्यांदा मी ती हिर्डोशीच्या वरच्या एका वाडीला नेली तेव्हा उतारावर फोर एल, म्हणजे चारही चाकांची लो रेंज टाकली, पहिला गिअर ठेवला आणि अण्णांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही पाय उचलून घेतले. ब्रेक नाही, क्लच नाही. गाडी माणसाच्या चालीनं, एकेक दगड चाचपत, स्वतःच खाली उतरली. लो रेंजमध्ये ट्रान्सफर केसमधला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीतला, वेगळा दातांचा जोड लागतो, चाकांचा वेग घटतो आणि तितकाच जोर वाढतो. हे पुस्तकातून ठाऊक होतं. पण इंजिन उताराला धरून ठेवतंय हे बुडाखाली जाणवणं निराळं. त्या दिवसापासून मला वर जायची ओढ लागली. पुढच्या वर्षाची वही उघडली तर वरच्या वाड्यांच्या फेऱ्या तिपटीच्या वर. रोग वाढले नव्हते. फोन आला की मी निघत होते, आणि निघते हे कळल्यामुळे लोक वेळेवर फोन करायला लागले होते. खुरकूतच्या लसी मी पहिल्यांदा त्या वाड्यांच्या गोठ्यात उभं राहून टोचल्या. गाडीतली मजा ही चैनीची, सुट्टीच्या दिवसाची गोष्ट आहे असं कुणी म्हणालं की मला ती पानं दाखवावीशी वाटतात. तिकडं जावंसं वाटणं हा माझ्या कामाचाच भाग होता आणि तो त्या जीपनं मला दिला.

२०२३च्या ऑगस्टात एका रात्री साडेनऊला शिरगावच्या वरच्या वाडीतून फोन आला. म्हैस सकाळपासून कळा देतेय, पाण्याची पिशवीसुद्धा दिसत नाही. म्हशीत असं झालं की पहिला संशय गर्भाशयाला पीळ पडल्याचा. पीळ उलगडायला जनावर आडवं पाडायचं, पोटावर फळी ठेवायची, फळीवर एकानं पाय देऊन उभं राहायचं आणि म्हैस पिळाच्या दिशेनं लोळवायची. पाच-सहा माणसं लागतात आणि हात घालून तपासणारं कुणीतरी लागतं. जितका उशीर तितकं रेडकू हातचं जातं.

धरणाच्या कडेला, वस्तीपासून लांब, जीपनं दोन आचके दिले आणि बंद पडली. डिझेलच्या लाइननं हवा धरली होती. उपाय मला येत होता. फिल्टरवरचा बोल्ट ढिला करायचा, फीड पंपावरचं छोटं हातपंपाचं बटण अंगठ्यानं दाबत राहायचं, बोल्टाच्या कडेनं आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. सलग आलं की आवळायचं. टॉर्च दातात, रेनकोटच्या टोपीवरून पाणी थेट इंजिनावर. दहा मिनिटांत गाडी चालू झाली. कशीबशी किलोमीटरभर गेली आणि पुन्हा तेच. टाकीकडून येणारा रबरी पाइप जोडाशी तडकला होता आणि तिथून हवा आत शिरत होती. चौथ्या वेळी मी तडकलेलं टोक ब्लेडनं कापलं, उरलेला पाइप ओढून पुन्हा बसवला आणि क्लिप आवळली. तेव्हा कुठं थांबलं. पाऊण तासाच्या वाटेला तीन तास लागले.

पीळ होताच. पहिल्या लोळवण्यात अर्धा सुटला, तिसऱ्यात पूर्ण. म्हैस वाचली. रेडकू मेलेलं आलं. मादी होती. घरातल्या आज्जींनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, ‘तू तरी काय करणार बाय, मशीनच ते.’ मला त्यांच्याकडे बघवेना. तो पाइप कडक झालाय, बदलून टाका, असं भोरच्या मिस्त्रींनी मला जूनमध्ये सांगितलं होतं. पाइप शंभर रुपयांच्या आतला. मी पुढच्या सर्व्हिसला करू म्हटलं होतं. त्यामुळे त्या रात्रीचा दोष मी त्या जीपवर टाकत नाही आणि ती बनवणाऱ्यांवर तर मुळीच नाही. पण तीस वर्षांच्या गाडीत असे पाइप, बुश, सील, जोड किती असतात आणि ते सगळे वेळच्या वेळी बघायला माझ्याकडे किती वेळ आहे, याचा हिशेब मला त्या रात्री करावाच लागला.

पुढचे चार महिने तोच हिशेब चालला. वहीत मी दोन नवे रकाने आखले. फोर बाय फोर खरंच लागलं का, आणि फोर एल लागला का. जुन्या फेऱ्याही आठवून आठवून भरल्या. वर्षाच्या सहाशेच्या आसपास फेऱ्यांमध्ये चारही चाकं लागली अशा साठेक निघाल्या. लो रेंजशिवाय झालंच नसतं अशा पंधराच्या आत. म्हणजे दहापैकी नऊ फेऱ्यांना हॅचबॅक पुरत होती. कागदावर उत्तर सरळ होतं. साधी, रोजच्या वापरातली गाडी घे, जमिनीपासून जरा उंच असलेली, आणि साठ वेळा ट्रॅक्टर सांग. अण्णांनीही तेच सुचवलं. पण ‘गेले नाही’ असं लिहिलेली पानं मी पाहिली होती. ट्रॅक्टर मिळेपर्यंत रात्र जाते. आणि त्या पंधरा फेऱ्या म्हणजे बहुतेक सगळ्या अडलेल्या म्हशी होत्या.

मग ओळखीपाळखीच्या लोकांच्या गाड्या मागून मी त्या माझ्या वाटांवर चालवल्या. शोरूमची टेस्ट ड्राइव्ह डांबरावरून फिरून येते, तिचा इथं काही उपयोग नाही.

पुण्याच्या एका मित्राची महिंद्राची डिझेल थार आधी आली. ताकद १३० पीएस, जोर ३०० न्यूटन मीटर. आमची सगळ्यात वाईट चढण ती दुसऱ्या गिअरमध्ये, बोलता बोलता चढली. वर पोहोचल्यावर मी दोन मिनिटं नुसती हसत होते. जीपमध्ये जे वाटायचं ते सगळं इथं होतं आणि वर एसी, एअरबॅग. उतरताना वाडीच्या तोंडाशी दोन दगडी तालींच्या मधून वाट जाते तिथं मात्र आरसे मिटून घ्यावे लागले आणि एक पोरगा पुढं चालत हातानं दाखवत होता. थारची रुंदी १८२० मिलिमीटर. ती माझ्या वाटेला जास्त होती, बाकी काही नाही. मोकळ्या मुलखात काम असतं तर मी तिथंच थांबले असते.

फोर्सची गुरखा आमच्याच तालुक्यातल्या एकांची होती, २०२१ नंतरची तीन दारांची. पुढच्या आणि मागच्या दोन्ही अॅक्सलला डिफरन्शियल लॉक, म्हणजे डावं-उजवं चाक एकत्र फिरवणारी सोय, आणि कंपनीतूनच बसवून आलेला स्नॉर्कल, म्हणजे इंजिनाला वरून हवा देणारा उंच पाइप. चिखलात कर्णरेषेतली दोन चाकं हवेत गेली तरी लॉक ओढला की उरलेली दोन चाकं तिला बाहेर काढतात. खडतर जागेत इतकी निवांत गाडी मी दुसरी चालवली नाही. पण दिवसाकाठी डांबरावरचे नव्वद-शंभर किलोमीटर तिच्या उंच पायरीवर चढउतर करत, दर दोन-तीन किलोमीटरला थांबत काढायचे म्हटल्यावर माझ्या गुडघ्यांनी उत्तर दिलं.

मारुतीची जिम्नी मी सगळ्यात शेवटी पाहिली आणि मनात आढी धरून पाहिली. १०५ पीएस आणि १३४ न्यूटन मीटर, थार डिझेलच्या निम्म्याहून कमी जोर. पेट्रोल. दिसायला लहान. पण रुंदी १६४५ मिलिमीटर, म्हणजे थारपेक्षा जवळजवळ वीतभर कमी. त्या तालींमधून ती आरसे न मिटता गेली. शिडीसारखी लॅडर फ्रेम, पुढं-मागं दोन्ही चाकांना जोडणारे सलग अॅक्सल, लो रेंजचा वेगळा दांडा, आणि वजन बाराशे किलोच्या आसपास. १९८५मध्ये आलेली जिप्सी याच घराण्यातली. ताडोब्यात त्या जिप्सी इतकी वर्षं जंगलाच्या वाटांवर सफारी मारतात, ते आठवलं आणि आढी थोडी सैल झाली.

मन वळलं ते मात्र भोरच्या मिस्त्रींच्या गॅरेजात. मी त्यांना नुसतं विचारायला गेले होते. त्यांनी बॉनेट उघडायला लावलं, आत डोकावले आणि हात पुसत म्हणाले, ‘डॉक्टर, ह्ये इंजिन माझ्या रोजच्या हाताखालचं हाय. अर्टिगात ह्येच येत हुतं.’ खरं होतं. जिम्नीचं दीड लिटरचं के १५ बी इंजिन आधी सियाझ आणि अर्टिगामध्ये आलेलं. आमच्या भागातल्या कितीतरी भाड्याच्या गाड्या त्याच इंजिनावर पळतात. त्यांनी फळीवरचे खोके दाखवले. ऑइल फिल्टर, प्लग, पट्टा. ‘ट्रान्सफर केसचं काय?’ मी विचारलं. त्याला पुण्याला जावं लागेल असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, पण पुढं म्हणाले, ‘त्यो रात्री बंद पडत न्हाय. आधी आवाज देतो, महिनाभर.’

तोवर मी भरवसा म्हणजे गाडीचा स्वभाव समजत होते. एखादी गाडी दगा देणारी, एखादी न देणारी. त्या दुपारी त्या खोक्यांसमोर मला तो वेगळा दिसला. काय बिघडलं की गाडी जागीच थांबते, काय बिघडलं तरी घरापर्यंत येते, सामान कुठं मिळतं, किती तासांत मिळतं, आणि ते बसवायला येणाऱ्या माणसाला मी रात्री अकराला फोन करू शकते का. याची उत्तरं भोरमध्ये जी निघाली ती भोरपुरती. तुम्ही नाशिकला असाल, साताऱ्याला असाल, तुमच्या मिस्त्रीच्या फळीवर दुसरेच खोके असतील, तर तुमची गाडी दुसरी निघेल.

राहिली मजा. थार चालवून आल्यावर जिम्नीत ती कमी आहे हे मला कबूल होतं. म्हणून घ्यायच्या आधी मी एकच अट ठेवली. पावसात भिजलेली शिरगावची चढण, एकटीनं, लो रेंजमध्ये. चढून आले आणि लगेच पुन्हा जावंसं वाटलं तर घ्यायची. जिम्नीच्या मालकाला हे सांगितलं तेव्हा त्यांनी किल्ली हातात ठेवली. ऑक्टोबरचा शेवटचा मोठा पाऊस होता. ताकद कमी असल्यामुळे इथं रेटून चालत नाही. कुठल्या दगडावर कुठलं चाक ठेवायचं ते आधी खाली उतरून बघावं लागतं आणि मग आवाज एकसारखा ठेवून सरकत जावं लागतं. मधल्या खड्ड्यात डावं मागचं चाक उचललं गेलं आणि हवेत फिरायला लागलं. मी पाय तसाच ठेवला. फिरणाऱ्या चाकाला गाडीनं आपण होऊन ब्रेक लावला, कटकट असा आवाज आला, जोर दुसऱ्या बाजूच्या चाकाकडे गेला आणि ती वर आली. मी खाली येऊन पुन्हा चढले.

जानेवारी २०२४मध्ये गाडी घेतली. हॅचबॅक विकली, थोडं कर्ज काढलं. टायर लगेच बदलून ए टी, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींचे, घातले. डांबरावर आवाज वाढला, पण लाल चिखलात कंपनीच्या टायरांची खाच भरून जायची ते थांबलं. डिक्कीत छोटा कॉम्प्रेसर ठेवते. चिखलाची वाट आली की हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवायची आणि डांबराला लागलं की पुन्हा भरायची. इतक्या साध्या गोष्टीनं जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या सामानानं पडत नाही.

सगळ्यात जास्त डोकं चालवलं ते नायट्रोजनच्या कॅनवर. कृत्रिम रेतनाच्या वीर्याच्या कांड्या उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये असतात आणि तीन लिटरचा तो कॅन कलंडला की झाकणाच्या फटीतून नायट्रोजन सांडून उडून जातो. वाडीवर पोहोचेपर्यंत कांड्या वाया. जीपमध्ये पाट्यांच्या दणक्यांनी मी असे दोन कॅन घालवले. या गाडीची डिक्की २०८ लिटरची, म्हणजे लहानच. अण्णांनी मागची सीट पाडून तिच्यावर प्लायची पेटी बसवली. आतून फोम, मधोमध कॅनच्या मापाचं गोल भोक आणि दोन पट्टे थेट सीटच्या हुकांना. गेल्या दोन पावसाळ्यांत कॅन एकदाही आडवा झालेला नाही. मागचं दार आडवं उघडतं, त्यामुळे पावसात सामान काढताना डोक्यावर आडोसा नसतो. मी ताडपत्रीचा तुकडा वर बांधते.

या जुलैत त्याच घरून फोन आला. तीच म्हैस. या वेळी पीळ नव्हता, पाय दुमडलेला होता. फोन ८ वाजून १० मिनिटांनी, पोहोचले ९ वाजून ५ मिनिटांनी, असं वहीत आहे. रेडा झाला, उभा राहिला. आज्जींनी गाडीच्या टपावर थाप मारून ‘हिचं पोट लईच वर हाय’ म्हटलं.

जीप विकलेली नाही. अण्णांनी तिचे सगळे रबरी पाइप बदललेत, त्यांची तारीख आणि जागा एका कागदावर लिहून तो डॅशबोर्डच्या आत चिकटवलाय. रविवारी, फोन नसला तर, आम्ही दोघं ती रोहिडा किल्ल्याच्या पायथ्यापर्यंत नेऊन आणतो. सुरू करायच्या आधी अण्णा अजून खाली वाकून जमीन बघतात. गिअरबॉक्सखालचा डाग गेला. मागच्या हाऊसिंगचा आहे तसाच आहे, त्याचं सील मिस्त्रींनी पुण्याहून मागवलंय.